इंग्रजीतील ‘कुड’ (could) या क्रियापदाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

नाशिकमधील विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘कुड हा कॅनचा भूतकाळ, म्हणून प्रत्येक “शकलो”साठी कुडच लिहावे’ असा संदेश फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे. ‘लहानपणी मी गोदावरीत पोहू शकत असे’ या नेहमीच्या क्षमतेसाठी कुड योग्यच. परंतु ‘काल गर्दी असूनही मी रामकुंडापर्यंत पोहोचू शकलो’ अशा एकदाच साधलेल्या गोष्टीसाठी होकारार्थी वाक्यात ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ वापरतात, आणि इंग्रजीची प्रमाण व्याकरणे हाच भेद नोंदवतात. नकारार्थी ‘कुडन्ट’ मात्र दोन्हीकडे चालते. शिवाय ‘इट कुड रेन टुमॉरो’मधला कुड भूतकाळ नव्हे, उद्याची शक्यता सांगतो. ‘शकत असे’ आणि ‘शकलो’ हा फरक मराठी मुलांना मुळातच कळतो. तो चुकीच्या नियमाने पुसला जाऊ नये, म्हणून कृपया हा संदेश पुढे पाठवू नये.