कारबेटरमध्ये कचरा

जुन्या गाडीला काहीही होवो, आपल्याकडे निदान एकच: "कारबेटरमध्ये कचरा आलाय." प्लग गेलेला असो, कॉइल तापलेली असो की टाकीत पेट्रोलच नसो, बघणारा खाली वाकतो, कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, बोट लावतो आणि कचऱ्यावर खापर फोडून मोकळा होतो. माझं दुखणं असं की या वेळी कचरा खरंच होता. त्यामुळे सोसायटीतल्या झाडून सगळ्यांचं बरोबर निघालं, आणि ते मला पुढची कित्येक वर्षं ऐकावं लागणार आहे.

गाडी म्हणजे १९८६ची येझदी रोडकिंग. हिचा गिअर आणि किक ही एकच दांडी. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. जाहिरातीत हिला 'फॉरएव्हर बाइक' म्हणायचे. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला; गाडी मात्र दिलेला शब्द माझ्या खर्चाने पाळते आहे.

टूस्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि आत उरतो तो चिकट राप. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या रबराशी त्याचं मुळीच पटत नाही. तुळशीचं लग्न लागलं, मी ताडपत्री काढली, किक मारली. रेस दिली की डरकाळी, सोडली की ठप्प.

याचा अर्थ रेस दिल्यावर पेट्रोल पुरवणारा मेन जेट ठीक, रेस सोडल्यावर इंजिन चालू ठेवणारा स्लो जेट तुंबलेला. हे मी पार्किंगमध्ये मोठ्याने म्हणालो आणि तिथेच माणसं जमली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्याकडे जावा होती. कधी हात लावावा लागला नाही." जावावाले काका प्रत्येक सोसायटीत असतात, आणि त्यांच्या जावाला कधीच हात लावावा लागलेला नसतो. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, "काका, याचा सेन्सर कुठंय?" त्याचा दोष नाही. २०२०मध्ये बीएस-सिक्स हे धुराचे कडक नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जाऊन सेन्सर आले. मी त्याला म्हटलं, "सेन्सर मीच." तो फोटो काढून निघून गेला.

पेट्रोलचा कॉक बंद केला, केबल सोडवली, दोन नट काढले आणि कार्बोरेटर उचलून घरी आणला. गॅलरीत वर्तमानपत्र पसरतोय तोवर आतून आईचा आवाज: "पेट्रोल घरात आणलंस?"

"थोडंसंच आहे. तेवढं निरांजन जरा वेळ विझव ना."

"देवापुढचा दिवा विझवू? तुझ्या कारबेटरसाठी?"

तासभर बोलणी झाली. पूजा आटोपून निरांजन आपोआप शांत होईपर्यंत मी पानाही उचलायचा नाही, असं ठरलं. मधल्या वेळात मी इडलीपात्र मिळवलं. एकेका खळग्यात एकेक भाग ठेवायचा: फ्लोट, त्याची पिन, निडल, मेन जेट, स्लो जेट. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे नाही, पण याहून सोयीचं भांडं मी पाहिलेलं नाही. (आता आमच्याकडे इडल्या बाहेरून येतात.)

स्लो जेट हातात घेतला. करंगळीच्या नखाएवढी पितळी वस्तू, मधलं भोक केसाएवढं. आभाळाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं, तर काळोख. पेठेतल्या मिस्त्रींना फोन लावला. "साहेब, टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. वायर सोला, तांब्याची एक तार घ्या." तार घातली, पेट्रोलने धुतलं, सायकलच्या पंपाने हवा मारली, पुन्हा आभाळाकडे धरलं. या खेपेस आत एक ठिपका लख्ख दिसला. मी तो आईला दाखवला. ती म्हणाली, "दिसला. आता हात धू."

सगळं जोडलं, गाडी सुरू केली. आता ती बंद पडेना! रेस सोडली तरी इंजिन आपलं चढतंच आहे. जोडावर बोटाने ऑइल लावलं तसा आवाज उतरला. म्हणजे तिथून हवा ओढत होती. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं पॅकिंग फाटलेलं. रविवार, दुकानं बंद. जाड, गुळगुळीत, न चुरगळणारा कागद हवा होता. टीव्हीच्या कपाटावर मावसभावाच्या मुलीची लग्नपत्रिका होती. यंदा बरीच खर्चिक छापलीय. कार्बोरेटरचं तोंड तिच्यावर दाबलं, तेलाचा ठसा उमटला, नखं कापायच्या कात्रीने कापलं, पंचिंग मशीनने नटांची भोकं पाडली. थोडं ग्रीस लावून बसवलं.

किक मारली आणि गाडी डुगडुगत एका लयीत उभी राहिली. काका खिडकीतून म्हणाले, "बघ, मी म्हटलं होतं, कचरा."

संध्याकाळी आई उरलेली पत्रिका हातात घेऊन बाहेर आली. गणपती आहे, कुलदैवत आहे, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" आहे, मुहूर्तही आहे.

"कार्यालय कुठलं?"

"ते इंजिनात आहे."

"मग काढ."

मी साफ नकार दिला. गाडी इतकी छान चाललीय. मावसभावाला फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून सध्या आई गावातल्या एकेका नातेवाइकाला फोन करून इकडचं तिकडचं बोलतेय, आणि मधेच सहज विचारतेय, "तुम्ही कसे जाणार, रिक्षाने? लांब पडेल ना तुम्हाला?"