अनुभव नाही, हे त्यांना आधीच माहीत असतं

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलांना घरचे, मित्र, शिक्षक सगळे एकच सांगतात: आत्मविश्वासाने बोल. मला या सल्ल्याचा आता कंटाळा आलाय. टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसते आहे म्हणून सांगते, नुसता आत्मविश्वास घेऊन आलेला फ्रेशर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो. उलट आवाज कापतोय, हात कुठे ठेवावेत कळत नाहीये, पण स्वतः केलेल्या कामाबद्दल नीट तपशिलात बोलतोय, असा मुलगा लक्षात राहतो.

"मला अनुभव नाही, पण मी मेहनती आहे आणि लवकर शिकतो." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडतं पण आत जात नाही. अनुभव नाही हे सीव्हीवर दिसतंच आहे. ते वाचूनच बोलावलंय ना तुम्हाला? मग माफी कसली मागताय? आणि मेहनती असल्याचं प्रमाणपत्र स्वतःच स्वतःला दिलं, तर समोरच्याने ते कशाच्या जोरावर मानायचं?

अनुभवाबद्दल विचारणाऱ्याच्या डोक्यात खरी भीती वेगळीच असते. हा अडला तर येऊन विचारेल, की दोन दिवस गप्प बसून राहील? एकच गोष्ट किती वेळा समजवावी लागेल? चुकलं तर सांगेल, की झाकेल? अनुभवी माणसाबद्दल ही भीती कमी वाटते, एवढंच. कमी असते असं नाही, कमी वाटते.

निवडप्रक्रियेवरचं संशोधनही साधारण हेच म्हणतं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये तोवरच्या ८५ वर्षांतल्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. अनुभवाची वर्षं आणि नोकरीतली कामगिरी यांचा सहसंबंध निघाला ०.१८. प्रत्येक उमेदवाराला आधी ठरवलेले तेच प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा ०.५१. (० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत.) पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ही आकडेमोड पुन्हा तपासली. बरेच आकडे खाली आले, तरी ठरीव प्रश्नांची मुलाखत यादीत सगळ्यात वरच राहिली. म्हणून जाहिरातीत "दोन वर्षांचा अनुभव" दिसला की लगेच पाऊल मागे घेऊ नका. अशी जाहिरात अनेकदा सोडून गेलेल्या माणसाकडे बघून लिहिलेली असते. परवाना किंवा ठरावीक प्रशिक्षण कायद्यानेच लागतं अशा जागा सोडल्या, तर अर्ज जरूर करा.

आता मुद्द्याचं. अनुभव म्हणजे पगार मिळालेलं काम, ही व्याख्या डोक्यातून काढा. मुलाखतीत कामाला येतो तो पुरावा, आणि तो कुठूनही येऊ शकतो. एक उमेदवार मला अजून आठवते. सीव्ही अगदी रिकामा, जागा हिशेब आणि नोंदी ठेवण्याची. "एखादी गोष्ट बिघडली आणि तुम्ही ती निस्तरली, असा प्रसंग सांगा," असं विचारलं. तिने कॉलेजच्या कार्यक्रमाच्या नोंदणीचं सांगितलं. जमलेली रक्कम आणि यादीतली नावं जुळत नव्हती. सगळे म्हणाले, कुणीतरी पैसे दिले नसतील, सोडून दे. तिने पावत्या क्रमाने लावल्या, यादीशी एकेक ताडून पाहिल्या, तेव्हा काही नावं दोन वेगवेगळ्या मुलांनी दोनदा लिहिल्याचं सापडलं. त्यानंतर तिने पावती क्रमांकाशिवाय नाव लिहायचंच नाही असं ठरवून टाकलं. आम्ही खोदून विचारलं: ते बाकीच्यांनी ऐकलं का? म्हणाली, "दोघांनी नाही ऐकलं. मग त्यांच्या नोंदी मी रोज संध्याकाळी स्वतः तपासायचे." या शेवटच्या उत्तरावर माझा निर्णय झाला होता. असं उत्तर पाठ करून येत नाही.

प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलं, काय निष्पन्न झालं, हा साचा आता सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याला 'स्टार' म्हणतात. साचा चांगलाच आहे, पण मुलं पहिल्या दोन भागांतच अर्धा वेळ घालवतात आणि तिसऱ्यावर आली की "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं" म्हणून मोकळी होतात. प्रोजेक्ट गटाचा असला तरी नोकरी तुम्हाला एकट्याला मिळणार आहे. त्यात तुमच्या हातचं काय होतं तेवढं सांगा, लहान असलं तरी चालेल. घरच्या आजारी माणसाची औषधं आणि तपासण्या वर्षभर सांभाळल्या असतील, तर तेही काम आहे. लाजू नका. फक्त डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगू नका, ते कसं सांभाळलंत ते सांगा.

प्रसंग तीन-चारच तयार ठेवा, पण ते आतून-बाहेरून माहीत हवेत. तारखा, अडचणी, तेव्हा दुसरं काय करता आलं असतं, सगळं. शंभर प्रश्नोत्तरांच्या पीडीएफपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

आणि जमलं तर त्या जागेच्या कामाचा एक छोटा तुकडा आधीच करून न्या. लिखाणाची नोकरी असेल तर एक पान, डेटाची असेल तर सगळ्यांसाठी खुल्या आकडेवारीवरचा एखादा तक्ता, ग्राहकसेवेची असेल तर त्यांचं ॲप स्वतः वापरून कुठे अडलात त्याची टिपणं. हे स्वतःहून केलेलं वेगळं, आणि "चाचणी" म्हणून आठवडाभर फुकट राबवून घेणारे वेगळे. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. नोकरीसाठी आधी पैसे भरायला सांगणाऱ्यांना तर नम्रपणाचीही गरज नाही.

एखादं उत्तर येत नसेल तर अंदाजपंचे ठोकू नका. "हे मला माहीत नाही. माझ्यावर आलं तर मी आधी अमुक बघेन, तिथे नाही मिळालं तर तमक्याला विचारेन," एवढं पुरतं. वर सांगितलेल्या भीतीतली निम्मी इथेच मिटते.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं विचारतात, तेव्हा मान हलवून उठू नका. विचारा: पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाने काय करून दाखवावं अशी तुमची अपेक्षा आहे? आणि नव्या माणसाला काम कोण शिकवतं? समोरचे नीट उत्तर देऊ लागले तर पुढचं बोलणं आपोआप कामाविषयी होतं. आणि ते एकमेकांकडे बघायला लागले, तर हो म्हणण्याआधी एक रात्र जाऊ द्या.