पगार आठवडाभर मागे ढकलू इच्छिणाऱ्या व्यवस्थापनांस सविनय मार्गदर्शन

आपल्या कंपनीत महिन्याच्या शेवटच्या दिवशी होणारा पगार यापुढे पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला करावा, असा शुभविचार आपल्या मनात आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. अंबडमधल्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तेथे हा सोहळा नुकताच पार पडल्याने त्याचे शास्त्र मला चांगलेच अवगत झाले आहे.

मुहूर्त जूनचाच धरावा. शाळा उघडण्याच्या तोंडावर वह्या-पुस्तके, गणवेश आणि रिक्षावाल्या काकांचे आगाऊ पैसे एकदमच द्यायचे असतात, तेव्हा बदल प्रत्येकाच्या नीट लक्षात राहतो. दिवाळीच्या बोनसबरोबर हे केले, तर कोणाला फारसे जाणवणारही नाही.

सूचना मे महिना संपता संपता कॅन्टीनच्या फळ्यावर लावावी, शक्यतो इंग्रजीत.

कारण हजेरीचे द्यावे. ते खोटेही नाही. 25 तारखेला मस्टर बंद करून उरलेले दिवस गृहीत धरले, की शेवटच्या आठवड्यातला ओव्हरटाइम आणि बिनपगारी रजा पुढच्या महिन्यात दुरुस्त कराव्या लागतात. हिशेबनिसाचा तेवढा त्रास वाचावा म्हणून साऱ्या कारखान्याने आठवडा कसा काढावा, हे मात्र लिहू नये.

घरकर्जाचा विषय कोणी काढलाच, तर ‘बँकेशी बोलून घ्या’ असे प्रसन्न चेहऱ्याने सांगावे. बँकेशी बोलायचे म्हणजे तारीख बदलण्याचा अर्ज, नवे मँडेट (खात्यातून हप्ता कापून घ्यायची लेखी परवानगी), सही जुळत नाही म्हणून पुन्हा मँडेट, आणि तोवर हप्त्याची 5 तारीख कोणासाठी थांबत नाही. हप्ता परत गेला की आपली बँक दंड घेते, त्या दंडावर 18 टक्के जीएसटी घेते, कर्ज देणारे वेगळा दंड लावतात आणि सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या पतगुणांची, टांगती तलवार राहते ती निराळीच. त्यात 7 तारखेला रविवार आला आणि पैसे जमा झाले सोमवारी दुपारी! हजारापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्याने सातव्या दिवसाच्या आत पगार द्यावा, असे 1936 च्या कायद्यापासून लिहिलेले आहे. सातवा दिवस रविवार असेल तर शनिवारी द्यावा, एवढी अक्कलही कायद्यानेच शिकवायची काय?

‘तुमचा एक रुपयाही बुडत नाही’ हे वाक्य पाठ असावे. साऱ्या कारखान्याचा पगार दर महिन्याला आठवडाभर बिनव्याजी वापरायला मिळतो. शिवाय मेचा पगार जूनमध्ये दिला, की त्यावरचा टीडीएसही, म्हणजे पगारातून कापायचा प्राप्तिकरही, जूनमध्येच कापला जातो आणि तो भरायला 7 जुलैपर्यंत मुदत मिळते. हिशेबनिसाच्या त्रासात ही गोम कोणी सांगितली नव्हती.

अहो, कायद्याने 7 तारीख दिली आहे ती शेवटची हद्द म्हणून. तीन महिने आधी सांगता आले असते. पहिल्या खेपेला अर्ध्या पगाराइतकी बिनव्याजी उचल देऊन ती वर्षभरात थोडी थोडी वळती करता आली असती, किंवा तारीख दर महिन्याला एकेक दिवस पुढे नेता आली असती. यांतले काहीच केले नाहीत, कारण तुमच्यापैकी कोणाचा हप्ता अडला नव्हता. ज्यांचे हप्ते परत गेले त्यांचा दंड कंपनीने भरावा, आणि तो पुढच्या पगाराबरोबर नव्हे, आजच्या आज भरावा.