बुलेटच्या इंजिनाबद्दल तुम्ही दिलेल्या १ स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू चार-पाच वेळा वाचला. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मधल्या काळात मी स्वतः सांगलीला जाऊन तुमचं इंजिन बघून आलो. न बघता लिहिलं असतं तर चुकीचंच लिहिलं असतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादांच्या वडिलांची १९७६ची बुलेट ३५० आमच्याकडे पूर्ण इंजिनकामाला आली. दीड महिना सांगितला होता, लागले पाच. बिल झालं ३१,५०० रुपये. गाडी नेल्यावर ४०० किलोमीटरच्या आत खालून ठोका यायला लागला आणि हातकणंगल्याजवळ इंजिन जाम झालं. आमच्या गॅरेजला फोन केल्यावर "तुम्हीच जोरात पळवली असणार" असं ऐकायला मिळालं. जुना पिस्टन परत दिला नाही आणि डुप्लिकेट माल घातला, असंही दादांनी लिहिलंय.

इंजिन जाम झालं ते आमच्या चुकीने. तुम्ही ४५-५०च्या वर गाडी नेली नव्हती, आणि नेली असती तरी कारण ते नव्हतं. या इंजिनात टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या बाजूच्या झाकणाच्या) आत, क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाशी एक छोटं कॉर्कचं सील असतं. पंपाने ढकललेलं तेल त्यातूनच क्रँकमध्ये शिरतं आणि बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या टोकाला, पोचतं. आता इंजिन ज्यांच्याकडे आहे त्या सांगलीच्या मिस्त्रींनी माझ्यासमोर ते सील हातावर ठेवलं. एका बाजूने दुमडलेलं होतं. कव्हर बसवताना ते आमच्याकडून दुमडलं, त्यामुळे तेल आत जायच्या ऐवजी बाहेरच्या बाहेर गळून गेलं. तुमच्या गाडीत बिगएंडला रोलर नाहीत, फ्लोटिंग बुश (तेलावर मोकळी फिरणारी धातूची कडी) आहे. त्याला तेल कमी पडून चालत नाही. शिवाय बिगएंडमधून उडणाऱ्या तेलावरच सिलिंडर आणि पिस्टन जगतात. आधी बुश गेला, मग पिस्टन धरला.

गाडी देताना आम्ही वर रॉकरपाशी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापाशी) तेल येतंय का ते बघितलं होतं, आणि तेवढ्यावर समाधान मानलं. वर तेल दिसलं म्हणजे खाली बिगएंडला पोचलंच असं नसतं. हे मला माहीत होतं, म्हणून जास्त लागतंय. कव्हर एकदा टेकवून कॉर्क किती दबतो ते बघायचं, काढून परत तपासायचं आणि मगच स्क्रू आवळायचे, ही पद्धत मी मुलांना शिकवली होती. त्या दिवशी ती पाळली गेली नाही आणि मी स्वतः बघितलं नाही.

फोनवर तुम्हाला जे बोललं गेलं त्याची माफी मागतो. इंजिन उघडायच्या आधी गिऱ्हाइकावर ढकलायचं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट खोड आहे. वडिलांची गाडी रस्त्यात बंद पडलेली असताना ते ऐकून घेणं किती जड गेलं असेल ते मला कळतं.

पण डुप्लिकेट मालाचं मी मान्य करणार नाही. क्रँकपिन आणि बुश कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर बनवून घेतले, आणि बिलावर तसं स्पष्ट लिहिलंय. मापाप्रमाणे नीट बनवलेला बुश हा डुप्लिकेट नव्हे. त्या कारागिराचं काम चोख होतं, ते आमच्या हातून तेलाविना मेलं. वेळेचं मात्र तुमचं बरोबर. दीड महिना मीच सांगितला होता. लेथवाल्याचा नंबर लागायला वेळ लागतो हे ठाऊक असताना सांगितला, आणि पुढे उशीर होतोय हे कळवायला एक फोनही केला नाही.

जुना पिस्टन आमच्याकडेच आहे, डब्यात, तुमच्या गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून. तो कंपनीतून आलेला मूळ पिस्टन नाही. त्यावर ०४०चा शिक्का आहे, म्हणजे तो मूळ मापापेक्षा चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा आहे; वडिलांनी कधीतरी आधीच सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून मोठा करून, घेतला होता. तरी तो तुमचा आहे, न मागता द्यायला हवा होता.

आता पुढचं. बोअर आम्ही साठ थाऊवर नेला होता आणि आता त्यावर ओरखडे आलेत, म्हणजे अजून मोठा करण्यात अर्थ नाही. सांगलीचे मिस्त्री नवीन सिलिंडर घ्या म्हणतात. माझं मत वेगळं आहे. वडिलांचा सिलिंडर टाकू नका. त्यात स्लीव्ह (आतून नवी नळी) बसवून बोअर परत मूळ ७० मिलिमीटरवर आणता येतो. काम त्यांच्याकडूनच करून घ्या, आमच्यावरचा विश्वास उडालाय हे मी समजू शकतो. स्लीव्ह, पिस्टन, पिन, बुश आणि लागला तर कनेक्टिंग रॉड, सगळा खर्च मी देणार. आमची ११,००० रुपये मजुरीही परत करतो.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. डुप्लिकेट मालाचं सोडलं तर जे घडलं तेच तुम्ही लिहिलंय.

शनिवारी दुपारी सांगलीला येतो. पैसे आणि पिस्टनचा डबा घेऊन येतो. तुम्हाला वेळ नसेल तर मिस्त्रींकडे ठेवून जाईन.