सुपारीचं खांड

जिभेवरच्या जखमेचा तुकडा तपासायला दिला, त्याला आज सहावा दिवस. रिपोर्ट गुरुवारी मिळेल. फोनवर प्रत्येकाला तेच सांगून जीभ दुखते (खरोखरच दुखते, टाके आहेत), म्हणून इथे एकदाच लिहिते.

जिभेच्या डाव्या कडेला फोड आला होता. तोंड आलंय म्हणून सोडून दिला. जाईचा पाला चावला, तोंडली चावली, तूप लावलं, बी कॉम्प्लेक्स झालं, फार्मसीतून जेल आणलं. सोलकढी बंद केली, आमच्या घरात हा त्यागच. असे दोन महिने काढले. मध्ये दुखायचं थांबलं तेव्हा वाटलं, आता भरतंय. मूर्खपणा तो हाच. तोंडातली जखम दुखत नाही म्हणून ती साधी, असं नसतं.

फोंड्याच्या दाताच्या डॉक्टरांनी दाढेची टोकदार कड घासून दिली. "दात लागून झाली असेल तर पंधरा दिवसांत भरेल. नाही भरली तर तुकडा काढून तपासायचा." नाही भरली. हातमोजा घालून त्यांनी बोटांनी जखमेची कड दाबून बघितली, मग जबड्याखाली गाठ लागते का ते चाचपलं. "कड कडक लागते," एवढंच म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली.

बांबोळीच्या डेंटल कॉलेजात केस पेपर भरणारी डॉक्टर माझ्या माजी विद्यार्थिनींच्या वयाची. तंबाखू? नाही. मशेरी? नाही. दारू? नाही. सुपारी? "जेवल्यावर एक खांड," मी म्हटलं, "घरचीच आहे." किती वर्षं? सत्तावीस. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून. तिनं मला 'आ' करायला लावून तोंड किती उघडतं ते मोजलं. सुपारीनं तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते, घास घ्यायला तोंड उघडेनासं होतं, म्हणून बघतात म्हणे. 'घरची' या शब्दाचं तिला काहीच नव्हतं. मीच त्यावर बस पणजीला पोचेपर्यंत अडकून बसले.

कारण आमचं कुळागर आहे, म्हणजे सुपारीची बाग. पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून पावसाआधी बोर्डोचं औषध कधी मारायचं हे घरातल्या पोरांनाही पाठ. पूजेत गणपती म्हणून सुपारी मांडतो, लग्न ठरलं की सुपारी फोडतो. ती वाईट कशी असेल? वाईट तो गुटखा. 2005 साली गोव्यात गुटखाबंदीचा कायदा झाला तेव्हा मी वर्गाला व्यसनांवर निबंध घातला होता, आणि मधल्या सुट्टीत पर्समधल्या डबीतलं खांड तोंडात टाकलं होतं. त्याच्या आधीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसती सुपारी, तंबाखू अजिबात नसलेली, माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातली होती. तंबाखूच्याच पंगतीला. बागायतदारांच्या मेळाव्यांत मी भावावर आणि खतावर तासतासभर ऐकलंय. हे एकदाही ऐकलं नाही. खरं तर विचारलंही नाही कुणी, मीसुद्धा नाही.

आता सल्ल्यांबद्दल. "सुरी लावली की पसरतं" हे मला तीन माणसांनी सांगितलं, त्यातले दोघे पदवीधर. ऐकून घ्या: इंजेक्शन टोचताना डोळ्यांत पाणी आलं, मग काही कळलं नाही. जखमेच्या कडेचा, थोडा चांगल्या भागासकट, मुगाच्या डाळीएवढा तुकडा. बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात तो बुडाला, वर माझं नाव. दोन टाके. आता तो तुकडा मेणात बसवून, पापुद्र्याहून पातळ काप काढून, रंगवून कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बघणार. त्याला दिवस लागतातच. यात पसरण्यासारखं काय आहे? दोन महिने मी पाला चावत होते तेव्हा कुणी पसरण्याचं नाव काढलं नाही.

आणि "काही नसणार गं" म्हणणाऱ्यांनो, तुमचं प्रेम कळतं. न भरणारी प्रत्येक जखम कर्करोगच असते असं नाही, तेही कळतं. पण नुसतं बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही, तर तुम्हाला कसं येईल? तो शब्द माझ्यासमोर उच्चारलात तर चालेल.

मी मराठी शिकवते. टाक्यांचे काळे धागे माशाच्या काट्यासारखे टोचतात आणि तीन दिवस मला 'ळ' म्हणता येईना. फळा, शाळा, वेळ, बांबोळी. पाचवीतली पोरं हसली. हसू दिलं.

सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, आयुष्यभर सुपारी खाल्ली, त्यांना काही झालं नाही. हे त्या बोलत नाहीत, पण मनात आहे. सोमवारपासून माझ्यासमोर न कातरता माजघरात जाऊन कातरतात. अडकित्त्याचा आवाज येतोच. काल जेवणं झाली तरी आला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "अडकित्ता सापडत नाही गो."

पानाच्या डब्यातच होता.