पोटं भरलेली म्हणून मतं पडली नाहीत?

‘ब्रिटनमध्ये सगळ्यांची पोटं भरलेली आहेत, म्हणून राजकारणाची कुणालाच पर्वा नाही. 2024 मध्ये दर दहा मतदारांतले चार मतदानालाच गेले नाहीत. सुस्तावलेल्या समाजाला नेतेही तसेच मिळायचे.’ हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्यातला आकडा बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे.

आधी भरलेल्या पोटांबद्दल. मोफत शिधा देणाऱ्या ट्रसेल ट्रस्टच्या केंद्रांतून 2023-24 या एका वर्षात 30 लाखांहून जास्त पाकिटं गेली. 2008 च्या मंदीनंतर महागाई वजा जाता पगार दीड दशक जवळपास जागेवरच राहिले. देश श्रीमंत आहे, पण प्रत्येक घर नाही.

आणि सुखामुळे लोक मत देत नसते, तर स्वतःच्या घरात राहणारे, चांगलं पेन्शन घेणारे घरी बसले असते. प्रत्यक्षात सगळ्यात नेमाने मत देतात ते हेच. मतदान कमी होतं ते तरुणांत आणि भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांत.

पर्वा नाही म्हणावं, तर 2014 च्या स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात 84.6 टक्के मतदान कसं झालं? 2016 च्या ब्रेक्झिटच्या सार्वमताला 72.2 टक्के? तिथे प्रत्येक मताला निकालात सारखंच वजन होतं. संसदेच्या निवडणुकीत तसं होत नाही. 2024 मध्ये मजूर पक्षाला 33.7 टक्के मतांवर 650 पैकी 400 हून जास्त जागा मिळाल्या, तर रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाला 14.3 टक्क्यांवर फक्त 5. रिफॉर्मचं राजकारण मला पटत नाही, तरीही हा हिशेब न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही.

राहिला प्रश्न सुस्तीचा. पोस्टाच्या होरायझन या सदोष संगणक प्रणालीने दाखवलेल्या खोट्या तुटीवरून 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक सबपोस्टमास्तर, म्हणजे पोस्टाच्या शाखा चालवणारे लोक, चोर ठरले. काही तुरुंगात गेले. त्यांत भारतीय वंशाचेही बरेच होते. ॲलन बेट्स हे माजी सबपोस्टमास्तर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिले. 555 जण कोर्टात गेले, 2019 मध्ये जिंकले. तरी सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा यायला मे 2024 उजाडला, तोही जानेवारीत टीव्हीवर याच प्रकरणावरची मालिका दाखवली गेल्यावर. लोक जागेच होते. झोपले होते ते मंत्री. मधल्या काळात कोविडमध्ये अनेक लोक जवळच्यांच्या अंत्यविधीलाही जाऊ शकले नाहीत आणि डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या कार्यालयात, पार्ट्या चालल्या. पंतप्रधान जॉन्सन यांना 2022 मध्ये त्यासाठी दंड झाला. यानंतर नेत्यांवर विश्वास उरला नाही, तर त्याला आळस म्हणायचं?

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत तिथे राहणारे मराठी लोकही आहेत, म्हणून एक सांगते. भारतीय पासपोर्ट असला, व्हिसावर राहत असलात, तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुम्हाला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. माझ्या ओळखीतल्या कित्येकांना हे ठाऊक नव्हतं. तेही सुस्त नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.