डोकेदुखी म्हणजे केवळ थकवा नव्हे

उंच डोंगरांवर चढताना होणाऱ्या त्रासाविषयीच्या तुमच्या लेखात या उंचीच्या त्रासाची लक्षणे नेमकी दिली आहेत. मात्र ‘डोके दुखल्यास वेदनाशामक गोळी घेऊन पुढे निघावे’ या सल्ल्याशी मी सहमत नाही. साधारण २,५०० मीटरच्या वर पोहोचल्यानंतर काही तासांत डोकेदुखी सुरू झाली आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा असाधारण थकवा असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा आणि लक्षणे ओसरेपर्यंत आणखी वर जाऊ नये. गोळीने वेदना दबते, पण हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमीच राहतो.

खरा धोका पुढच्या टप्प्यात असतो. मेंदूला सूज येऊ लागली की माणूस असंबद्ध बोलतो, त्याचा तोल जातो. अशा वेळी त्याला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगावे आणि ते जमत नसेल तर सकाळची वाट न पाहता, शक्य तितक्या लवकर खाली न्यावे. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, हे फुप्फुसांत पाणी साचू लागल्याचे लक्षण असू शकते. तिथेही हाच नियम लागू होतो.

उत्तम शारीरिक क्षमता यापासून संरक्षण देत नाही. उलट धडधाकट तरुणच वेगाने चढतात आणि त्रास लपवतात, हे मला फार काळजीचे वाटते. त्यामुळे सोबत्यांनी एकमेकांना रोज संध्याकाळी स्पष्टपणे विचारावे आणि आजारी व्यक्तीला कधीही एकटे खाली पाठवू नये.